बूटकाकांचा पाय

४ मे

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा खोकला कमी झाल्याचं वाचून बरं वाटलं. औषधाची बाटली अर्ध्यावर सोडू नकोस, मी तुला पुरती ओळखून आहे.

आता माझं रडगाणं. बूटकाकांनी पाठवलेला शेवटचा जोड पार झिजला. इथल्या बूटवाल्याने तीनदा माप घेऊन तीन जोड केले. कागदावर सगळं बरोबर, आणि चार पावलं टाकली की कंबर धरते. तो म्हणतो, डावा पाय जितका आखूड तितकी उंची बुटात भरायची नसते, थोडी कमी भरायची; ती किती कमी हे, ज्यावर जुने बूट घडवले त्या साच्यावरूनच कळेल. तीन जूनला शाळा उघडते. मोठ्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, यंदा वर्ग नको, कचेरीत बसून काम करा. बावीस वर्षं फळ्यापुढे उभी आहे रे मी. 

काका जाऊन सहा महिने झाले. काकू त्यांचं बुटांचं दुकान रिकामं करताहेत म्हणालास ना, त्याआधी जाऊन माझ्या पायाचे लाकडी साचे मागून आण. मी आठ वर्षांची असल्यापासून दर साली शाळेआधी त्यांनी जोड दिला, इकडे आल्यावरही टपालाने पाठवला. आईने काही द्यायला काढलं की ते चामडं शोधायला आत निघून जायचे. नेमके शाळेआधीच्या त्या दिवसांत लंगडायचे, आणि तू मेल्या त्यांची चाल करून दाखवायचास. मला मात्र वाटायचं, यांचाही पाय माझ्यासारखाच, म्हणून यांना कळतं.

उशीर करू नकोस. मुलांना पापे.

तुझी वाट पाहणारी,
ताई

११ मे

ती. ताईस धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

काम फत्ते. साचे मिळाले, तुझ्या नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेवलेले होते. काकूंनी तुझी फार चौकशी केली.

साच्यांची दशा बघवेना. डाव्याच्या तळाला चामड्याचे तुकडे एकावर एक चिकटून काळे पडले होते. पण तुझा भाऊ उगाच का फर्निचरला पॉलिश करतो? सगळं खरवडून काढलं, काचकागद मारला, दोन हात पॉलिश दिलं. आता दिवाणखान्यात मांडावेत असे झालेत. पार्सल आजच टाकतो. आता तरी काळजी सोड.

कौतुकाच्या चार ओळींची वाट पाहणारा,
धाकटा

१७ मे

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पार्सल उघडलं आणि साचे घेऊन तशीच बूटवाल्याकडे गेले. अरे, ते तुकडे म्हणजेच माझी उंची होती. पाय वाढेल तसा एकेक थर काका चिकटवत गेले होते. बूटवाल्याने साचा हातात फिरवला, सुंदर आहे म्हणाला आणि परत दिला.

तुझ्यावर रागावू तरी कशी? तुझ्या हाताला घाण दिसली की ती निघालीच पाहिजे, लहानपणापासून तसाच आहेस. पण सतरा दिवस राहिलेत आणि मला काही सुचत नाही. ते तुकडे कुठे टाकलेस? एखादा तरी सापडतो का बघ. काकूंना विचार, काकांनी माप कुठे लिहून ठेवलंय का.

मन थाऱ्यावर नसलेली,
ताई

२२ मे

ती. ताईस सा. न.

तुकडे कचऱ्यात गेले. तुझं पत्र वाचलं. तसाच काकूंकडे गेलो आणि काय करून बसलो ते सांगितलं. त्या म्हणाल्या, काका माप लिहीत नसत, चालून बघत. मला काही उमजेना. मग त्यांनी पलंगाखालून काकांचा एक जुना जोड काढला. उजव्या बुटाला खालून जाड तळ ठोकलेला. तो घातला की त्यांचा डावा पाय तुझ्याइतका आखूड पडायचा. मग डाव्या बुटात आतून तुकडा घालून ते आठ-आठ दिवस बाजारात, जिन्यावर चालायचे. कंबर दुखली की तुकडा तासायचे, पुन्हा चालायचे. दुखायचं थांबलं की तेच तुझं माप.

ताई, त्यांच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. मी काकूंना दोनदा विचारलं.

तुला कोणी चिडवलं की मी त्याच्या अंगावर धावून जायचो, आणि त्यांची मात्र गल्लीभर नक्कल करायचो. एकदा त्यांनी पाहिलं होतं. रागावले नाहीत. म्हणाले, गुडघा जरा कमी वाकव, मग जमेल. मी पोरांबरोबर हसलो होतो. आज ते आठवून मान वर होत नाही.

डाव्या बुटातला तुकडा जसाच्या तसा पाठवतो आहे. त्याला फडकंसुद्धा लावलेलं नाही.

तुझा अपराधी,
धाकटा

४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

त्या तुकड्यावरून बूटवाल्याने केलेला जोड घालून काल चार तास शिकवलं, चारही उभ्याने. कंबर गप्प होती. मोठ्या बाई दारातून बघून गेल्या.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून मी पोटभर रडले. ज्याला तेहतीस वर्षं माझ्यासारखा समजत होते, तो माणूस धडधाकट होता रे. मुद्दाम माझ्यासारखा होऊन चालत होता.

काकूंना म्हणावं, सुट्टीत मी येते. तो जाड तळाचा बूट मला एकदा पायाशी धरून बघायचाय. तोवर तो तुझ्याकडे असला तर कपाटात ठेव, आणि हात जोडते, पॉलिश करू नकोस.

तुझीच,
ताई