गाडी अजून चालू आहे

बाबा,

मागच्या आठवड्यात मुलाने मला कानाचं मशीन आणून दिलं. शेंगदाण्याएवढं आहे, कानामागे बसतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर कानांवर पोट भरलेल्या तुमच्या लेकीला आता दारावरची घंटा ऐकू येत नाही, बघा काय गंमत आहे. नात माझ्यासमोर उभी राहते आणि ओठ ताणून, एकेक शब्द सुटा करून बोलते. मला राग येतो. मग आठवतं की मीही तुमच्याशी अशीच बोलायचे आणि तुम्ही डाफरायचात, "तोंड काहून वाकडं करून राहिली वं? मी का बहिरा हाय?" होतात बाबा. तुम्ही होतात आणि आता मी आहे. मशीन लावायला माझी काही हरकत नव्हती. पण लावल्याबरोबर एक गोष्ट झाली, आणि ती या घरात कोणाला सांगण्यासारखी नाही. तुम्हाला सांगता येईल, पण त्यासाठी आपल्या गाडीपासून सुरुवात करावी लागेल.

कन्हानला खाणीत तुम्ही कॉम्प्रेसरच्या खोलीत होतात. ती नोकरी सोडून लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप घरी आणलीत, तेव्हा आईने तिला ओवाळलं खरं, पण चेहरा तेराव्याला आल्यासारखा. गाडीचं मूळचं पेट्रोल इंजिन काढून कोणीतरी दुसऱ्याच मोडक्या गाडीचं डिझेल इंजिन तिच्यात कोंबलं होतं. बॉनेट नीट लागायचं नाही, तुम्ही ते सुतळीने बांधायचात. आठवडाभर भिवापूरची मिरची इतवारीच्या बाजारात आणायची आणि रविवारी अंगणात गाडी उघडून बसायचं, असं तुमचं चाललेलं. गाडी गॅरेजमध्ये नेण्यात तुम्हाला कमीपणा वाटायचा. आईची कणकेची परात एकदा रॉकेलमध्ये नट धुवायला अंगणात गेली ती पुन्हा स्वयंपाकघरात आली नाही. मागच्या फळ्यांच्या फटींत मिरचीचं बी इतकं बसलेलं की एखादा बोल्ट सोडला तरी आपण दोघं शिंकत सुटायचो आणि आई आतून म्हणायची, "झालं यांचं रिपेरिंग सुरू." मी तेव्हा नोकरीला लागलेली. सुटी असली की पदर खोचून तुमच्याजवळ बसायचे. डिझेलच्या नळीत शिरलेली हवा हातपंप दाबून काढायचं काम माझ्याकडे असायचं. बुडबुडे थांबले की तुम्ही "बस" म्हणायचात, तरी मी आणखी थोडं दाबायचे, कारण मला ते फार आवडायचं.

तो रविवार मला स्पष्ट दिसतो. इंजिन चालू आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून तुम्ही बसला आहात. डिझेल फवारणाऱ्या नोझलची आतली टकटक तुम्ही अशीच ऐकायचात. एक, दुसरा, तिसरा, चौथा, सगळीकडे टोक फिरवून झालं आणि तुमचं तोंड उतरलं. "चारही नोझल गेले," म्हणालात. अहो बाबा, चारही नोझल गेले असते तर गाडी चालू तरी झाली असती का? हे तुम्हाला मी सांगायचं? पण आपल्या कानावर तुमचा इतका विश्वास, की समोर धडधडणारं इंजिन तुम्ही खोटं ठरवलंत. सगळं खोललंत. व्हॉल्व्ह घासलेत, फिल्टर बदललात, नोझल काढून डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेलेत. त्याने मशीनवर लावून फवारा दाखवला, म्हणाला, "काका, एकदम फर्स्टक्लास हाय." तुम्ही त्यालाच अडाणी ठरवून घरी आलात. पुन्हा सगळं जोडलं, गाडी सुरू केली, पुन्हा मूठ कानाला, आणि पुन्हा तेच उतरलेलं तोंड. आई चहा घेऊन बाहेर आली. ती तुमच्या मागे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "अजी, सकाळपासून हाका मारून राहिली मी. गाडी बरी हाय. कान दाखवा तुमचे."

तुम्ही वळून विचारलंत, "काय?"

तिने नुसतं आपल्या कानाला बोट लावलं. तुम्हाला कळलं. चहा गार होईपर्यंत तुम्ही कप हातात धरून बसलात आणि मला पहिल्यांदा तुमची भीती न वाटता कीव आली. कॉम्प्रेसरच्या खोलीतल्या धडधडीने तुमचे कान केव्हाच नेले होते, आपल्या लक्षात आलं नव्हतं एवढंच.

तेव्हापासून स्क्रू-ड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला आली. मेलेला सिलिंडर कसा शोधायचा ते तुम्ही मला शिकवलंत. गाडी चालू ठेवायची आणि एकेका नोझलच्या नळीचा नट थोडा ढिला करायचा. गाडी अडखळली, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. नट ढिला करूनही आवाज होता तसाच राहिला, म्हणजे तो आधीच मेलेला. तुम्ही पाना फिरवायचात आणि माझ्या तोंडाकडे बघायचात. एकदा तिसऱ्याच्या वेळी माझं लक्ष नव्हतं, मी म्हटलं, "ठीक वाटते बाबा." तुम्ही पाना परातीत आपटलात. "वाटते नको सांगू मले. ऐकू आलं का नाही आलं, तेवढं सांग." ते बोलणं मला एक्स्चेंजमध्ये जन्मभर पुरलं. ट्रंक कॉलच्या खरखरीतून कोणी काही ओरडत असलं आणि नीट कळलं नसलं तर मी सरळ सांगायचे, ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. आजूबाजूच्या मुली अंदाजाने जोडून द्यायच्या.

बाहेर कोणाला काही कळू द्यायचं नाही, हे आपलं तिघांचं ठरलेलं. मिरचीच्या दिवसांत सुटी पाहून मी तुमच्याबरोबर फेरीला यायचे. मागून हॉर्न आला की तुमच्या कोपराला हात लावायचे, तुम्ही बाजूला घ्यायचात. लोकांना वाटायचं, लेक किती बापवेडी आहे. होतेच मी, पण तेव्हा मी तुमचा कान म्हणून बसलेली असायचे आणि भिवापूर सोडल्यापासून इतवारी येईपर्यंत माझं सगळं लक्ष मागच्या रस्त्याकडे असायचं.

आणि मग भांड्यांच्या गल्लीतली ती सकाळ. मिरची उतरवून झाली होती, तुम्ही गाडी मागे घेत होतात. मागे स्टीलच्या डब्यांनी आणि पातेल्यांनी भरलेली एक हातगाडी, आरशात दिसणार नाही अशी, येऊन उभी राहिली. हातगाडीवाला ओरडला, "अरे काका, रुको, रुको!" मी तुमचा हात ओढला, तुम्हाला वाटलं मी घाबरले, तुम्ही मान हलवून मागे येतच राहिलात. हातगाडी कलली. सगळी गल्ली भांड्यांच्या आवाजाने भरून गेली, दुकानांतले लोक बाहेर धावले, आणि तुम्ही आरशात बघत, शांतपणे, आणखी मागे. मी पुढे वाकून इंजिन बंद करायची तार ओढली. आपली डिझेलची गाडी किल्लीने बंद होत नाही, ती तार ओढली की तिचं डिझेल तुटतं आणि ती धाप लागल्यासारखी थांबते. गाडी थांबली तेव्हा हातगाडीवाला चाकापासून हातभर दूर होता. कोणाला लागलं नाही. तुम्ही खाली उतरलात, रस्ताभर घरंगळलेली पातेली पाहिलीत आणि त्या माणसाबरोबर एकेक उचलू लागलात. घरी येताना अर्ध्या वाटेत मला विचारलंत, "लय मोठा आवाज झाला काय वं?"

"खूप मोठा बाबा."

"मले काहीच ऐकू नाही आलं," तुम्ही म्हणालात. बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून शेजारचा ड्रायव्हर गाडी नेऊ लागला. तुम्ही पुन्हा कधी चालवायला बसला नाहीत.

पण रविवार तुम्ही सोडला नाहीत. उलट मी ड्यूटीवर असले की एकटेच ऐकायला शिकलात. स्टूल ओढून मडगार्डवर कपाळ टेकवायचं, तळवा बॉनेटवर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. मी चेष्टा करायचे की बाबा गाडीच्या पाया पडताहेत. तुम्ही म्हणायचात, "कपाळाले समजते सारं." आणि खरंच कळायचं तुम्हाला.

म्हणूनच त्या दिवशी कोणाला काही वाटलं नाही. मी संध्याकाळी ड्यूटीवरून आले. कोपऱ्यावर वळले तेव्हाच गाडीचा आवाज ऐकू आला. काय सुरेख चालली होती बाबा! चारही एकसारखे, कुठे अडखळणं नाही. मला वाटलं, आज तुम्ही खूश असणार. अंगणात तुम्ही स्टुलावर, मडगार्डवर कपाळ, बॉनेटवर हात. आई स्वयंपाकघराच्या दारातून हळू आवाजात म्हणाली, "केव्हाचे ऐकून राहिले. मी बी नाही बोलली, म्हटलं ऐकू दे." मी तुमच्या कोपराला हात लावला. हॉर्न आला की लावायचे, तसाच. तुम्ही बाजूला झाला नाहीत.

तुमचा हात गाडीच्या उबेने गरम होता, त्यामुळे मला थोडा वेळ काही खरं वाटेना. इंजिन चालतच होतं. आई आतून विचारत होती, काय झालं. शेवटी मी केबिनमध्ये हात घातला आणि तार ओढली. ती शांतता मला आजही सहन होत नाही. तुमचा नट ढिला झाल्यावर आपलं घर किती अडखळलं हे मी तुम्हाला इथे सांगत बसत नाही. गाडी पुढे त्या ड्रायव्हरने नेली. तिचं काय झालं मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आता मशीनचं. माझे कान गेल्यापासून आत एक आवाज असतो. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कोणाच्या कानात शिट्टी वाजते, कोणाच्या कानात किरकिर, मशीन लावलं की तो मागे पडतो. मी मान डोलावली. माझ्या कानात शिट्टी नाही, बाबा. माझ्या कानात आपली गाडी आहे. त्या संध्याकाळी कोपऱ्यावर ऐकली तशीच, चारही एकसारखे. मी नीट लक्ष देऊन पाहिलं आहे, एकही मेलेला नाही. आणि तिच्यासमोर कोणीतरी स्टुलावर बसलेलं आहे, इतकं मला पाठ करून असले तरी कळतं. घाबरायला हवं, पण मी घाबरत नाही.

मशीन लावलं आणि पंखा ऐकू आला, रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू आला. नातीचा आवाज ऐकू आला. मला वाटायचं त्याहून तो जाडसर आहे, थोडा आईसारखा. मला रडू आलं, सगळ्यांना वाटलं आनंदाने. आनंदाने होतंच, पण गाडी बंद पडली होती.

सून काल म्हणाली, "आई, याचे सेल फारच लवकर संपतात, दुकानदाराला बोलायला हवं." त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. दुपारी घर रिकामं झालं की सेल मीच काढते आणि चष्म्याच्या घरात ठेवते. विचारलं की सांगते, संपला वाटतं. वाटतं म्हणते, बघा, तुम्ही पाना आपटला असता. पण ती तार मी दोनदा ओढली आहे बाबा, तिसऱ्यांदा हात होत नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, ते त्याच चष्म्याच्या घरात घडी करून ठेवते. पाच वाजता नात शाळेतून येईल. तिला दारातून हाक मारायची सवय आहे, तेव्हा मशीन लावीन. तोवर चालू राहू द्या.