चार शेरांचे दोन शेर

२ जानेवारी १९५६. सकाळी ६.
नवी वही. नियम तेच. माझ्या विहिरीचं चार शेर पाणी, मंद जाळ, आटून दोन शेर उरलं की उतरवायचं. हे फक्त चंदाला. मी आणि कमळा कच्चंच पितो. आमची हाडं झाली, पोरीची व्हायची आहेत.
निश्चय : मार्चात मार्कंड्याच्या जत्रेला चंदा पायी जाईल. वय अकरा, जमायला हवं.

५ जानेवारी.
चंदाचे गुडघे दोरीनं मापले. अर्धं बोट जास्त वाकलेत. दोरी सैल असावी.

९ जानेवारी.
धान कांडायला येणारी नीलाबाई कमळाला म्हणाली, चंदाचा हात धराले माह्या पोरीले पाठवू का. तिची पोर चंदाच्याच वयाची, हरणासारखी पळते. पितात काय, तर नाल्याची वाळू उकरून काढलेल्या झिऱ्याचं पाणी. त्यात किडे असतात, हे मी सप्रमाण समजावलं. म्हणे, असन भाऊ, पण अजून चावले नाई. अडाणी बाई.

१७ जानेवारी.
चामोर्शीच्या दवाखान्यात नवा डॉक्टर. मिशी धड फुटलेली नाही. चंदाच्या दातांवरचे तपकिरी डाग बघून विचारतो, पाणी कुठलं? सांगितलं : सत्तेचाळीस साली खडक फोडून, स्वतः उभं राहून खणलेली विहीर, चाळीस हात. म्हणाला, बाटलीभर द्या, नागपूरला तपासू. लेबल माझ्या अक्षरात. सर्टिफिकेटसाठी भिंतीत खिळा ठोकून ठेवला.

३ फेब्रुवारी.
चंदाची कुरकुर : मले नीलाबाईकडचं पानी पाह्यजे. कमळाही तिच्या बाजूनं, पेऊ द्या ना एक दिवस. नाही म्हणालो. चंदा गुमान प्यायली. गुणी पोर.
आजपासून चाराचं दीड.

२६ फेब्रुवारी.
चंदाला उंबरठा ओलांडवला नाही. थंडी.

८ मार्च.
रिपोर्ट आला, डॉक्टर स्वतः घरी घेऊन आला. पाण्यात फ्लोराइड. खडकातून येतं, हाडांत बसतं. रंग नाही, वास नाही.
म्हणूनच मी उकळतो, म्हणालो. किती, ते तपशिलानं सांगितलं.
डॉक्टरनं रिपोर्टाची घडी घातली. मग म्हणाला, भाऊ, पाणी उडून जाते, ते उरते.
मला कळलं नाही. कमळाला कळलं. वरण आटलं की खारट होते, इतकंच म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.
मी डॉक्टरला विचारलं, पाय सरळ होतील का? पाणी बदला, वाकणं वाढणार नाही, म्हणाला. सरळ होतील असं म्हणाला नाही.

११ मार्च.
जत्रा. गाव रिकामं.
डॉक्टरला वर्षं आणि रोजचं माप लिहून हवंय. जुन्या वह्या काढल्या. आठ वर्षं, रोज दोन वेळा. एखादा दिवस चुकला असेल म्हणून पानन् पान बघितलं. नाही चुकला.
दुपारी नीलाबाईनं झिऱ्याची घागर आणून ओट्यावर ठेवली. मी पेला भरून चंदाला दिला. ती धरून बसली. पीत का नाहीस, विचारलं.
म्हणाली, बाबा, हे किती आटवाचं?