लिंबूटिंबूचे बाण

९ नोव्हेंबर, रविवार
सईने टीव्हीला तिचा गेम जोडून ठेवलाय. हॉल आता तिचाच. पंधरा वर्षांच्या मुलीशी टीव्हीवरून कोण भांडणार. पण त्यात जुने खेळ निघाले! विटा पडतात तो, रणगाड्यांचा, सगळे. लहानपणी मिरजेला दादा कॅसेट काढून फुंकर मारायचा आणि परत लावायचा, तेच आठवत बसले.
विटा खेळले. लगेच हरले. अंगठा भलतीकडेच जातो. सकाळी कप बशीवर वाजत होता तोही याच हातात. माझ्या वडिलांचा, अप्पांचा, कंपवात असाच उजव्या हातापासून सुरू झाला होता. अविला सांगितलेलं नाही. उगाच नवऱ्याच्या डोक्याला घोर.

१२ नोव्हें., बुध.
हवा अगदी घाण. आमच्या ब्लॉकमधून समोरचा ब्लॉक दिसत नाही. दम्याचा पंप पर्समध्येच ठेवलाय. जिना चढला की एक दाब, मेट्रोतून उतरले की एक, ऑफिसात कुणी उदबत्ती लावली की आणखी एक.
आज फाइलवर सही केली तर शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "ये आपके ही साइन हैं ना?" म्हटलं, पेन खराब है. पेन चांगलं होतं.
न्यूरोवाल्या डॉक्टरांची वेळ घेतली, २२ तारखेची. कुणाला न सांगता जाऊन यायचं.

१५ नोव्हें., शनि.
सईचा नवा गेम खेळून बघितला. घोडा, डोंगर, धनुष्यबाण. गवत वाऱ्याने हलतं, घोडा थांबून पाणी पितो. मी लढाई सोडून नुसती हिंडत राहिले. सई: "आई, मिशन तो कर. टूरिस्ट आहेस का?" आमच्या वेळी असं हिंडणं कुठलं. तीन लाइफ, त्या संपल्या की दादा हातातून हिसकावणार. इथे मेलं तरी तिथूनच पुढे चालू. लाड आहेत नुसते.
पण नेम धरला की समोरचं वर्तुळ नाचायला लागतं. एक बाण लागेल तर शपथ. सईने आधी कंट्रोलरकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. "आई, हात का हलतोय?"
थंडीने, म्हटलं. तिने शाल आणून दिली. खेळायचं सुचेना मग.

१८ नोव्हें., मंगळ.
ठरवलंय. रोज ऑफिसातून आल्यावर एक डाव, हाताची परीक्षा म्हणून. आज बाण लागले. बरेच! सई शेजारी बसून "अच्छा शॉट, आई" करत होती.

२० नोव्हें., गुरु.
आजही. पळत्या घोड्यावरून मारला आणि लागला. म्हणजे हात ठीक आहे. विटांमध्ये अजून हरतेय, पण तो खेळच घाईचा, आणि माझं वय काय आता. अप्पांना शेवटी चमचा धरवत नव्हता. मी घोड्यावरून बाण मारतेय.
डॉक्टरांकडे फोन करून वेळ रद्द केली. इतकं हलकं वाटलं की पोहे करताना गुणगुणत होते. अवि फरीदाबादहून जाममध्ये अडकून दमून आला, त्यालाही कळलं काहीतरी. "आज स्वारी खुशीत?" म्हणाला. तेव्हा त्याला सगळं सांगून टाकलं. कप, सही, अप्पा, डॉक्टर, रद्द केलेली वेळ. सई दारात उभी होती ते मला दिसलंच नव्हतं.

२१ नोव्हें., शुक्र.
शाळेला निघताना बूट घालता घालता सई रडायला लागली. "आई, कॅन्सल नको करूस प्लीज. मी ते ईझीवर टाकलंय."
मला कळेना. मग समजलं. नव्या खेळात सोपं-अवघड निवडता येतं आणि सगळ्यात सोप्यात नेम आपोआपच लागतो. बाण जवळून गेला तरी चालतो. मंगळवारपासून तसंच होतं.
म्हटलं, मला लिंबूटिंबू केलंस?
"लिंबू काय?"
खेळात घेतात पण कधी आउट धरत नाहीत तो. कच्चा नींबू.
"हां, वो. हो."
दादाने मला आख्खं लहानपण लिंबूटिंबू ठेवलं होतं. खरा डाव कधी दिलाच नाही. डोकं फिरलं माझं. ओरडणारच होते, तर ही म्हणते, "तू हाताकडे बघत होतीस ना, मला ते बघवत नव्हतं."
मग काय ओरडणार. कुशीत घेतलं. तिची बस चुकली. मी पुन्हा फोन केला, रिसेप्शनवरच्या मुलीने कुरकुरत का होईना, तीच वेळ दिली.

२२ नोव्हें., शनि.
दोघेही बरोबर आले. नको म्हटलं तरी.
डॉक्टरांनी बोटं टॅप करायला लावली, चालवलं, कागदावर गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला सांगितली. विचारलं, "पिताजी का हाथ कब हिलता था? गोद में रखा हो, तब?" हो, मांडीवर ठेवलेला असतानाच. कप उचलला की उलट थांबायचा. "और आपका?" माझा उचलल्यावर.
मग त्यांनी पर्समधला पंप बघितला. दिवसातून किती वेळा? मी बोटांवर मोजायला लागले, हाताची बोटं पुरेनात. डॉक्टर हसले. त्या औषधानेच हात थरथरतो म्हणे. रोजचा दुसरा पंप दिला, हा फक्त गरजेपुरता. बाकी आज तरी तसं काही दिसत नाही, थंडी गेल्यावर परत दाखवा.
बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. अवि म्हणाला, आता कसलं रडतेस. सुटल्यासारखं झालं म्हणून, दुसरं काय.
"आज तरी" मात्र डोक्यातून जात नाहीये.

७ डिसेंबर, रवि.
जुना पंप बराच कमी झाला. सही माझी दिसते. कप कधी वाजतो, कधी नाही. आज सकाळी वाजला, पण आज खरंच गारठा होता. आता फेब्रुवारीत बघू.
संध्याकाळी सईला म्हटलं, नीट डाव लाव, सगळ्यात अवघड. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. "शुअर? नो लिंबूटिंबू?"
नो.
सगळे बाण हुकले. घोडा दरीत. मग दोघींनी विटा लावल्या, तर तिने मला असं धुतलं की काही विचारू नका. वर खिदळत म्हणते, "आई, तू किती बेकार खेळतेस यार." हाताकडे एकदाही बघितलं नाही तिने.
फार बरं वाटलं.