कावळाही आप्पाचाच

११ फेब्रुवारी २००१

आप्पा आज आमच्या दारात रडला! चांगला हुंदके देऊन. आणि रडता रडता अंगणात कोण कोण उभं आहे ते बघून घेतलं. मी पाहिलं ना.

सगळं नाशिक त्याला आप्पासाहेब म्हणतं. संस्थेचा अध्यक्ष — चार शाळा, पेठच्या बाजूला आश्रमशाळा. हे त्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक. होते. मंगळवारी पेठहून येताना एसटीतच गेले. या वहीत मी त्या आप्पाला अहो-जाहो करणार नाही. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

धाकटे दीर धोंडीरामभाऊ मखमलाबादच्या मळ्यातून आले होते. "वहिनी, लय मोठ्या मनाचा मानूस हाय. येवढा मोठा, पन खाली सतरंजीवर बसला." भाऊंच्या शेतातल्या झेंडूचा हार कायम आप्पाच्याच गळ्यात. भाऊंना काय सांगू?

१३ फेब्रुवारी

झोप नाही. तेच आठवतं.

गेल्या वर्षी तो आमच्याकडे आला, पोहे खाल्ले, माझ्या हाताचं कौतुक केलं आणि चमचा खाली ठेवून म्हणाला, "गुरुजी, पटावर नव्वद पोरं वाढवा. पाड्यावरची नावं काय, कोणाचीही चालतात. अनुदान वाढलं की शाळेचंच भलं." समोर मी होते. लेक, योगिनी, चहा देत होती. हे नाही म्हणाले. तो हसला! पाठीवर थाप मारून गेला.

पुढच्या प्रत्येक बैठकीत ह्यांना खुर्ची कमी पडायला लागली. सगळे बसलेले, हे दोन-दोन तास भिंतीला टेकून उभे. पगार अडला. मग बदलीची भाषा. शेवटी नावं चढली. आणि सरकारी चौकशी लागली तेव्हा — "मुख्याध्यापकांनी परस्पर केलं, संस्थेला कल्पना नाही." सस्पेंड.

लोकांना राग आला की आवाज चढतो. आप्पाचा उतरतो. पुंजा शिपायाला सकाळी नोकरीवरून काढलं आणि दुपारी त्याच्याच पोरीच्या लग्नाला गेला. पंगतीत बसून जिलबी दोनदा मागून घेतली! मला आधी वाटायचं, हा लाज दाबतो. दाबत बिबत काही नाही. दाबायला आत असावी लागते.

१५ फेब्रुवारी

आज रामकुंडावर दहावं झालं.

ही गर्दी! ह्यांच्यासाठी नव्हे, आप्पा येणार म्हणून. माईक, सतरंज्या, श्रद्धांजलीची भाषणं. एका पुढाऱ्यानं ह्यांचं नावच चुकीचं घेतलं. आप्पा शेवटी बोलला. मध्येच थांबला, चष्मा काढला, पुसला. शेजारची बाई मला म्हणते, "किती जीव होता हो त्यांचा तुमच्या मिस्टरांवर."

मग पिंड ठेवले. रामकुंडावरचे कावळे! रोज पिंडच खाऊन माजलेले, त्यांना भूक कुठली? पत्र्यावर बसून नुसते बघतात. भाऊंनी हात जोडले, "दादा, वहिनीला काय कमी पडू देनार नाय." नाही. "मळ्यातला तुमचा वाटा योगिनीच्या नावावर करतो." नाही. ऊन तापलं. लोक घड्याळं बघायला लागले.

मला माहीत होतं ना ह्यांना काय हवं ते! डोक्यावरचं बालंट उतरायला हवं होतं. मी पुढे सरकले. मोठ्यानं म्हणणार होते — ती नावं तुमच्या मनानं चढवली नाहीत, चढवायला लावणारा इथेच उभा आहे, चौकशीच्या साहेबांपुढे मी त्याचं नाव घेईन, तुम्ही निवांत जा. सगळ्यांच्या देखत. "अहो —" एवढंच तोंडातून निघालं, तोच आप्पा माझ्या पुढ्यात. ओल्या फरशीवर सरळ गुडघे टेकले. पांढऱ्या धोतराचीही पर्वा नाही! "गुरुजी, योगिनी आजपासून माझी लेक. तिला संस्थेत घेतो. हा माझा शब्द."

आणि आला की कावळा! एक नाही, दोन.

घाटभर हुंदके. बायांचे पदर डोळ्यांना. एका म्हाताऱ्यानं तर आप्पाचे पाय धरले. मी तोंड उघडं ठेवून तशीच उभी. आता काय बोलू? ह्यांनी स्वतःच त्याला माफ केलं, सगळ्या जगानं बघितलं! कावळाही मेला आप्पाचाच निघाला.

योगिनी एकटी कावळ्याकडे बघत नव्हती. आप्पाकडे बघत होती, पापणी न हलवता. पोरीच्या आत काय पेटलं असेल!

१६ फेब्रुवारी

पेपरात फोटो आला. गुडघे टेकलेला आप्पा. ह्यांचं नाव खाली, बारीक अक्षरात.

४ मार्च

चौकशीचे साहेब तीस तारखेला जबाब घेणार आहेत. मी जाणार. पोह्यांच्या दिवशीचं सगळं सांगणार. ऐकणाऱ्या दोघीच — मी आणि योगिनी. एकीचं कदाचित खोटं वाटेल, दोघींचं कसं वाटेल?

भाऊंना सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, कशाला वाकडं घेता? कावळ्यानं मान्य केलं, मंग तुम्ही कोन नाय म्हननार?" मला इतका संताप आला! म्हटलं, भाऊ, तुमचे सख्खे भाऊ चोर म्हणून गेले, आणि तुम्ही कावळ्याची साक्ष काढता? भाऊ जाताना मेथीची जुडी ओट्यावर ठेवून गेले. माणूस वाईट नाही, पण भित्रा.

१२ मार्च

पोर माझी खंबीर आहे. दहा दिवसांत एकदाही रडली नाही, अजूनही नाही. आज मला समोर बसवलं. "आई, तू साहेबांना नेमकं काय सांगणार? पहिल्यापासून सांग. मध्ये घोटाळा नको." मी सांगितलं. पुन्हा सांगायला लावलं. आप्पाचे शब्द काय, बाबा काय म्हणाले, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

अगदी ह्यांची शिस्त! हे असते तर सुखावले असते. मीच आतल्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

२३ मार्च

आप्पाकडून काहीच नाही. फोन नाही, माणूस नाही. मी तर तयारीत आहे — गाडी दारात उभी राहील, गोड बोलेल, योगिनीच्या नोकरीचं गाजर दाखवेल. त्याला काय काय सुनवायचं ते भांडी घासताना पाठ करते. पण येतच नाही. भ्याला की काय? तो भिईल असं वाटत नाही.

२९ मार्च

उद्या. ह्यांना आवडायची ती निळी साडी इस्त्री करून ठेवली. ह्यांच्या फोटोला म्हटलं, उद्या उतरवते हो तुमच्या डोक्यावरचं.

योगिनी म्हणाली, "तू आधी जा. मी नंतर येते."

३० मार्च

काही कळत नाही.

साहेब वयानं लहान, सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, एक शब्द चुकला नाही. पण ते लिहीतच नव्हते! पेनाचं टोपणही काढलं नाही. म्हटलं, साहेब, लिहून घ्या ना. तर लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "घेऊ हं, ताई. तुम्ही त्रास करून घेऊ नका. औषधं वेळेवर घेता ना?"

कसली औषधं?

दाराशी आले, तर शिपायानं माझा दंड धरून पायऱ्या उतरवल्या. योगिनी आलीच नाही.

२ एप्रिल

योगिनीला नेमणूक मिळाली. संस्थेच्याच मखमलाबाद रोडच्या शाळेत, उद्यापासून.

माझ्या चार दिवस आधीच ती साहेबांना भेटून जबाब देऊन आली होती — नावं बाबांनीच चढवली, आप्पासाहेब त्या दिवशी आमच्या घरी आलेच नव्हते, आणि बाबा गेल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नाही. स्वतःच सांगितलं मला, पोळ्या लाटता लाटता.

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, खरं सांग बाळा, आप्पानं तुला काय धमकी दिली?

"धमकी कसली? त्यांनी काही मागितलंच नाही, आई. मीच जाऊन सुचवलं."