डाव्या हाताचं चाक

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
नेसरी, २ फेब्रुवारी २०२५

चि. जोतीरामास आक्काचे अनेक आशीर्वाद.

मी बरी हाय. शाळू काढणीला आलाय, म्हस व्यालीया. हे सांगायला फोन केला तर तू बरं हाय म्हणून ठिवून दिलास. पत्र काय तुला मधीच ठिवून देता येत न्हाय, म्हणून लिवतीया.

कारखान्यात लेथच्या मशिनीत बाही गुतली आन् उजवा हात मनगटापासनं गेला. रडून झालं, देवाला शिव्या देऊन झाल्या. आता किती दिवस असा बसणार हाईस? तुझी लेक अनुजा सांगती, आबा दिवसभर भिताडाकडं तोंड करून असत्यात, कोण आलं तरी बोलत न्हाईत. अरे, डावा हात काय देवानं शोभेला दिलाय व्हय? खचलेला माणूस परत उभा करता येत न्हाय, त्याचं भ्या वाटतंय मला.

उत्तर तू लिव. लेकीच्या गळ्यात घालू नको. आक्काचा राग आला आसंल तर पत्रात काढ, पर लिव.

तुझी, आक्का

कसबा बावडा, १६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास अनुजाचा सा. न. वि. वि.

आत्या, रागावू नकोस, हे मीच लिहितेय. आबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. पण परवा घरात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

मी प्लॅस्टिकची छोटी मॉडेलं बनवते, म्हणजे तुझ्या भाषेत खेळणी! सध्या एका जुन्या ऑइल इंजिनाचं चाललंय. अख्खं इंजिन ओंजळीत मावेल एवढं. त्याची चाकं पांढऱ्या प्लॅस्टिक शीटमधून कापायची असतात. कंपाससारखा कटर असतो, एका पायाला सुई, दुसऱ्याला पातं. सुई मधोमध टेकवायची आणि पातं फिरवायचं. शीट टेपनं काचेवर पक्की चिकटवली की एक हात पुरतो. तो कटर मी आबांपुढं ठेवला आणि म्हटलं, चाकं पाहिजेत, मला वेळ नाही.

आबांनी अंगातली सगळी रग डाव्या हातात आणली. जन्मभर लोखंड कापलेला माणूस! पातं रुतायचं, सुई घसरायची, वर्तुळाची दोन टोकं एकमेकाला भेटायचीच नाहीत. मी हळू, हळू म्हणून ओरडले तर मलाच दम, की दाबल्याबिगार कुठं कापतं व्हय. शेवटी कटर आपटला आणि आत जाऊन पडले. मला वाटलं, झालं, आबा जेवढे उरले होते तेवढेही गेले. मीच मूर्ख.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर आबा परत काचेपुढं. हात ठणकत होता, दाबायला जोरच उरला नव्हता, म्हणून नुसतं फिरवत होते. पात्याखालून केसाएवढी पांढरी तार उठत होती. मी दारात तशीच उभी राहिले. मग त्यांनी शीट सोडवली, अंगठ्यानं जरा रेटलं आणि टक् करून चाक सुटलं. आत्या, काय सांगू तुला! कडेवरून नख फिरवलं तरी सुरुवात सापडेना. अंगावर काटा आला माझ्या. आबा ते उजेडात धरून बघतच राहिले. मग म्हणाले, ह्याला जोर लागतच न्हाय की गं.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी, अनुजा

कसबा बावडा, १ मार्च २०२५

ती. आक्कास जोतीरामचा साष्टांग नमस्कार.

अक्षर कोंबडीच्या पायागत झालंय, हसायचं न्हाय. एवढं लिवायला सकाळ गेली.

आक्का, लोखंड मी दाबून कापलं. दाबलं की ऐकायचं. हे प्लॅस्टिक कुणाच्या बाचं ऐकत न्हाय! एक बारीक रेघ, मग त्याच रेघंत परत, परत. हात जेवढा हलका तेवढी कड गुळगुळीत. उजव्यानं हे जन्मात जमलं नसतं, त्याला नुसता जोर ठावं. चाक सुटलं की अजून छातीत धडधडतंय. गाभाऱ्यापुढं उभारल्यावर आपसूक गप व्हायला हुतंय न्हवं, तसं. एवढी वर्षं टर्नर म्हणून मिरवलो, पर गोल म्हंजे काय ते आता बघालोय.

काल अनुजानं माझी दोन चाकं फेकून दिली, वाकडी हाईत म्हणून. लई बरं वाटलं बघ. हात न्हाय म्हणून पोरगी दया करत न्हाय.

घरी येणारा परत्येक जण आधी मनगटाकडं बघतोय आन् मग मान खाली घालतोय. तूबी आलीस की बघशील. बघ, रड, तुझा हक्क हाय. पर मान वर कर. हात गेला, आक्का. मी हाय.

दाजींना नमस्कार. माया पातळ हू देऊ नको.

तुझा धाकटा,
जोतीराम