पालथ्या होडीची खोळ

भिवपुरी, वीजकेंद्राची वसाहत
मंगळवार, ता. ९ ऑक्टोबर १९७३

तीर्थरूप बाबांस,

कमळाकरचा सविनय जय भीम. तुमचे डोळे आता कसे आहेत? औषधाचे थेंब वेळेवर घालता ना? खोपोलीच्या दुकानात दिवस मावळल्यावर शिवायला बसत जाऊ नका, असे चंद्राने बजावून लिहायला सांगितले होते. (पंधरा दिवसांपूर्वी सांगितले होते, मी आज लिहितो आहे. क्षमा असावी.) चंद्रा माझ्या बहिणीच्या, सोनुबाईच्या, बाळंतपणासाठी शेलूला गेली आहे. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. चंद्रा परवा गुरुवारी परत येईल. इकडे माझी तब्येत बरी आहे. घरातल्या बाकीच्यांच्या तब्येतीविषयी पुढे लिहितो.

माझी होडी तुम्ही उन्हाळ्यात पाहिलीच आहे. आमचे जुने साहेब बदली होऊन गेले तेव्हा त्यांनी ती मला दिली, आणि मला का दिली असे तुम्ही विचारलेत तेव्हा मी उत्तर दिले नव्हते. उत्तर असे की आणखी कोणालाच ती नको होती. लहानशी, दोन माणसांची, एका शिडाची. खालच्या बंधाऱ्याच्या पाण्यात ती चालेल असा माझा हिशेब होता, पण मला सुट्टी रविवारी, आणि रविवारी केंद्रातली यंत्रे कमी चालतात म्हणून बंधाऱ्यातले पाणी उतरते. म्हणजे मी कामावर असलो की पाणी असते, आणि मी मोकळा असलो की चिखल. तरी माणसाने तयारी करून ठेवावी. होडी उघड्यावर राहिली तर लाकूड तडकते, म्हणून तिला कॅनव्हासची खोळ हवी, शिडाला पिशवी हवी, आणि बसायला गादी हवी (ही चंद्रासाठी). हे सगळे बाहेर शिवायला टाकणे मला पटले नाही. प्रत्यक्ष शिंप्याचा जावई असून दुसऱ्या शिंप्याकडे जायचे, हा तुमचा अपमान झाला असता.

तुमच्याकडेच का आलो नाही, असे तुम्ही म्हणाल. तो मुद्दा मला आत्ता लिहिताना सुचला.

तर ऑगस्टात मी कर्जतच्या बाजारातून जुन्या तंबूचा कॅनव्हास आणला. चंद्रा म्हणाली, काय शिवायचे ते दाभणाने हाताने शिवा, मशीनला हात लावायचा नाही. मीही म्हटले, बरोबर आहे. मशीन कोणाचे, कसे आले, हे मी विसरलेलो नाही. पंचवीस वर्षे तुम्ही ज्यावर बसलात ते मशीन लेकीला देताना तुम्ही उपरण्याने त्याचे चाक पुसलेत आणि चहा न घेताच निघून गेलात, ते मी दारात उभा राहून पाहिले आहे. म्हणून मी सहा आठवडे दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन पडवीत बसलो. बोटांना इतकी भोके पडली की कामावर स्क्रू घट्ट करताना मी कण्हत होतो. पाणी आत जाऊ नये म्हणून कॅनव्हासला अळशीचे तेल आणि मेण चोपडले. त्या वासाने शेजारच्या अंबाबाई वाटी घेऊन आल्या आणि गुडघ्यांसाठी थोडे तेल मागून घेऊन गेल्या. (गुडघ्यांना गुण आला म्हणतात. होडीला अजून आलेला नाही.)

आणि बाबा, शिवण तुम्ही पाहाल तर शाबासकी द्याल, अशी सरळ झाली होती. होडीच्या तळाला मध्यावर जे उभे पाते असते त्याच्यासाठी मी खास वेगळा खिसा शिवला, त्याला दुहेरी कड लावली. कडेने पितळी रिंगा ठोकल्या. गेल्या रविवारी मी गजाला बोलावले. गजा माझ्याच पाळीत काम करतो, मूळचा इथल्या भातशेतीवाल्या घरातला, आणि त्याच्या तोंडाला झाकण नाही. खोळ घातली. चपखल बसली, अगदी नवरदेवाच्या अंगातल्या कोटासारखी. मग म्हटले, पावसाळा संपला, आता होडी सुलटी करू. दोघांनी मिळून ती उलथली आणि खोळ पुन्हा घालायला घेतली.

पावसात पाणी साचू नये म्हणून होडी जूनपासून दोन दगडांवर पालथी होती. मी मापे ऑगस्टात घेतली. पुढचे तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला सांगायला नको. तो दुहेरी कडेचा खिसा आभाळाकडे तोंड करून रिकामा उभा राहिला, जिथून डोलकाठी वर यायला हवी तिथे मी सहा आठवडे खपून भक्कम जोड दिलेला होता, आणि रिंगा कुठल्याच खिळ्यापर्यंत पोचेनात. गजाने होडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "दादा, तुमी होडीच्या ढुंगणाचं माप घेतलं रं. आता हिला जल्मभर पालथीच चालवा." तेवढ्यात अंबाबाई बाहेर आल्या आणि विचारू लागल्या, तो वरचा खिसा कशाला हाय, पावसाचं पानी धरायला काय?

इथे माझे डोके फिरले, हे मी मान्य करतो. येत्या रविवारी चौदा तारीख. धम्मदीक्षेचा दिवस म्हणून इकडे संध्याकाळी मोठा कार्यक्रम आहे, आणि त्या सकाळी मी चंद्राला होडीत बसवायचे ठरवले होते. केंद्रात विचारून ठेवले आहे, त्या दिवशी पाणी राहील. लग्न झाले त्या वर्षी पेज नदीच्या पुलावर उभी राहून ती एकदा म्हणाली होती की मी कधी होडीत बसले नाही. पुन्हा म्हणाली नाही, पण मला ते लागून राहिले आहे. आता सुलटी होडी उघडी ठेवली तर तोवर उन्हाने तडकणार, आणि खोळ उसवून सहा आठवडे हाताने शिवत बसलो तर चौदा तारीख कशी गाठायची? घरात मी एकटाच, आणि समोर मशीन.

एकेरी कापडावर ते उत्तम चालले. दुहेरीवर कुरकुरले. जिथे चार पदर एकावर एक आले तिथे सुई मोडली. दुसरी मोडली. मी अठरा नंबरची जाड सुई लावली आणि दोन्ही हातांनी चाक फिरवले. आतून सुपारी फोडल्यासारखा आवाज झाला आणि त्यानंतर मशीन टाकाच घेईना. दोरा वर तुटतो, खाली गुंता होतो. आता मी काही कोणी साधा माणूस नाही, फिटर आहे. घराएवढी यंत्रे आम्ही उघडतो आणि बंद करतो. मी वर्तमानपत्र पसरले आणि सगळे उघडले. तेल घातले, पुसले, परत जोडले. जोडल्यावर तीन वस्तू उरल्या. परत उघडून परत जोडले, तरी तीनच उरल्या, म्हणजे निदान माझ्या कामात सातत्य आहे.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कळावे, लोभ आहेच, तो पत्र वाचून झाल्यावरही राहावा.

तुमचा जावई,
कमळाकर

ता.क. जावयाने सासऱ्याकडे तोंड वेंगाडू नये हे मला ठाऊक आहे. पण तुमच्याकडे जुने शटल, एखादा चामड्याचा पट्टा आणि पंचवीस वर्षांची ओळख असेल, तर उद्या बुधवारी घेऊन यावे. महिला मंडळाचे अकरा पांढरे ब्लाउज चंद्रा कापून ठेवून गेली आहे. ते चौदा तारखेला बायका घालणार आहेत. ते झाले नाहीत तर अकरा बायका आणि चंद्रा मिळून बारा होतात.

दुसरा ता.क. चंद्राला यातले अक्षरही कळू देऊ नये. तुम्ही सहज आलात असे आपण म्हणू. मशीन मी झाकून ठेवले आहे.

तिसरा ता.क. घरातला डिंक संपल्यामुळे पाकीट भाताच्या शितांनी चिकटवले आहे. गजा उद्या सकाळी खोपोलीला जाणार आहे, तो हातोहात देईल.

*

बाबा, जय भीम. हे पुढचे मी लिहिते आहे, तुमची चंद्रा. आजच संध्याकाळी परत आले. हे दुसऱ्या पाळीला गेले आहेत. पाकीट टेबलावर होते आणि शिते अजून ओली होती.

मशीन पाहिले. काही मोडलेले नाही. यांनी जाड सुई लावली ती उलटी लावली, खाच भलत्या बाजूला. मी फिरवून लावली, आतला गुंता आणि मोडक्या सुईचे टोक काढले (सुपारीचा आवाज त्याचाच), आणि मशीनने लगेच टाका घेतला. तीन वस्तू उरल्या त्यांतली एक माझ्या पेटीची कडी आहे, दुसरी कंदिलाची किल्ली आणि तिसरा यांच्याच विजारीचा हूक. सगळे एकाच वर्तमानपत्रावर ठेवले होते. तीन ब्लाउज शिवूनही झाले. ते पेटीत लपवून ठेवते, बाकीचे उद्या तुम्ही येऊन गेल्यावर शिवेन.

नदीवरचे ते बोलणे मी विसरले होते. हे विसरले नाहीत, ते वाचून मी चूल पेटवायची सोडून तशीच बसून राहिले. म्हणून यांना ओरडणार नाही. पण तुम्ही उद्या याच. काही आणू नका. गंभीर चेहरा करा, मशीन उघडा, अर्धा तास हुं हुं करा, आणि मग बंद करा. दुरुस्तीची मजुरी काय, असे हे विचारतील. तेव्हा सांगा की रविवारी होडीचे सुकाणू चंद्राच्या हातात द्यायचे. सुलटे काय आणि उलटे काय, हे या घरात एकटीला मलाच कळते.

तुमची,
चंद्रा