तुमचा फलाट आणि आमचा दावा

आदरणीय साडूभाऊंना,

कमरेत जितकं वाकता येतं तितका नमस्कार. (पाठ धरली आहे, दुसरं काही कारण नाही.) तुमची तब्येत ठणठणीत असणारच, गावात रेल्वे थांबू लागल्यावर कोणाची नसते? ताईंनी पाठवलेला फोटो पोचला. नव्या फलाटावरच्या बाकाला पाठ आहे, वर पत्रे आहेत, मागे घड्याळ आहे, हे सगळं आमच्या हिने मला बोट ठेवून दाखवलं. तो फोटो आता आमच्या लग्नाच्या फोटोपुढे उभा असतो. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी हिला रोज सांगतो.

आमच्या अर्जाची हकीकत भलत्याच तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच कळवतो. ज्या सरकारी निधीतून तुम्हाला थांबा आणि फलाट मिळाला, त्यातूनच आम्हीही मागितला. गाडी आमच्या गावातूनच जाते, फक्त थांबत नाही (तुमच्याकडे पोचायची घाई असते). अर्ज मी लिहिला. तुमच्यापुढे आमचं गाव कशात कमी दिसता कामा नये म्हणून रस्ते, दिवे, वाचनालय, लोकांची काटक प्रकृती, सगळ्याचं भरभरून वर्णन केलं. निधी कार्यालयाने उलट टपाली कळवलं की या गावाला कशाचीच उणीव दिसत नाही, सबब अर्ज नामंजूर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही म्हणे अर्जात नुसतं रडगाणं गायलं होतं. आम्हाला तसं रडता आलं नाही, हा काय गुन्हा झाला?

म्हणून आम्ही कोर्टात गेलो. आमच्या वकीलबाई हुशार. कार्यालयाने गावात पाऊल न टाकता, आमचं म्हणणं न ऐकता निर्णय दिला, हा मुद्दा त्यांनी असा लावून धरला की न्यायाधीश मान डोलावू लागले. (तेव्हा तुमची फार आठवण झाली. वाटलं, साडूभाऊंनी हे पाहायला हवं होतं.) तेवढ्यात न्यायाधीशांचं लक्ष मागच्या गच्च भरलेल्या बाकांकडे गेलं. पाठिंबा दिसावा म्हणून निम्मं गाव मीच नेलं होतं. एवढी मंडळी आली कशी, असं त्यांनी सहज विचारलं. आमच्या फलाट समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. दोन बसगाड्या, प्रत्येकाला बसायला जागा, कोर्टाचं दार उघडायच्या आधी हजर, असं त्यांनी छाती फुगवून सांगितलं. समोरच्या वकिलाने आपली फाईल मिटून ठेवली.

न्यायाधीश भला माणूस. दावा लगेच फेटाळला नाही; या गावी पोचताना खरोखर हाल होतात असं सांगणारा एक तरी साक्षीदार आणा, म्हणाले. मी दारोदार फिरलो. न्हावी म्हणतो, चालल्याने भूक लागते. पोस्टमन म्हणतो, चिखलाची सवय आहे. हिला विचारलं, तर घरात दिवसभर कुरकुरणारी बाई म्हणाली, चारचौघांत सासरच्या गावाचं उणं मी काढणार नाही. ते ऐकून बरंही वाटलं आणि रडूही आलं.

बाकी क्षेम. तुमच्या फलाटाला शुभेच्छा (असले पत्रे वाऱ्यात टिकत नाहीत, असं ऐकतो).

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा बस चुकली, शेतातून चालत यावं लागलं आणि एक बूट चिखलात गेला. दारात तुम्ही एका बुटावर उभे होतात. मी हसलो नव्हतो, खोकला आला होता. वकीलबाईंच्या मते एवढे हाल दुसऱ्या कोणी सोसलेले नाहीत. पुढच्या सोमवारी हे शपथेवर सांगायला याल का? तुम्ही आला नाहीत तर दावा गेलाच.

ता. ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, फलाट मिळाला तर भाऊजींमुळे मिळाला असं ती जन्मभर सांगणार. तरी या. फक्त कोर्टात फार छान बोलू नका.